मूठभर कणीक

गव्हानं मला मारायला घेतलं होतं, आणि मला गहू चारणाऱ्यांत माझं वाईट चिंतणारं एकही माणूस नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी चिडून बरंच काही बोलणार आहे. छळ असता तर परवडलं असतं. छळणाऱ्याशी भांडता येतं. "घे बाई, एक पोळी जास्त घे, ताकद येईल," म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?

लिहिते आहे ती माझ्यासारख्या बायकांसाठी. पोट सदा बिघडलेलं, अंग वाळत चाललेलं, आणि घरचे म्हणतात हिला काही झालं नाही, नखरे आहेत. डॉक्टरी मला कळत नाही. माझ्यावर काय बेतलं आणि त्यातून मी काय खाऊन वाचले, तेवढंच सांगते.

कोठी

माझं माहेर गोंदियाकडचं. चारी बाजूंनी धान, मधे तळं. पोळी व्हायची ती दिवाळीला, नाहीतर जावई आला तर. एरवी सकाळी रात्रीचा भिजवलेला भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. माझं सासर भंडाऱ्याकडचं, म्हणजे तेही भातखाऊच. पण हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून लागले, सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं, आणि यांच्या डोक्यात पोळी शिरली.

त्याचं कारण मला लग्नानंतर कळलं. कारखाना तेव्हा अजून बांधून होत होता. देशभरातून माणसं आलेली. दुपारी डबे उघडले की पंजाबचे, यूपीचे लोक रोटी काढायचे आणि यांच्या डब्यात भात. एकजण हसून म्हणाला, "चावल खानेवाला हथौड़ा क्या उठाएगा?" बस्स. तेवढं एक वाक्य! बोलणारा महिन्याभरात बदली होऊन गेलाही असेल. पण आमच्या घरी त्या दिवसापासून भात बंद झाला.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी, आत्याबाई म्हणते मी त्यांना, देवाच्या पाया पडायच्या आधी मला पत्र्याची कोठी दाखवली. माझ्या छातीएवढी उंच, गव्हानं गच्च भरलेली. वरून हळदीकुंकू लावलेलं.

"आमच्या घरी दोन्ही टाईम पोळी असते, बाई," त्या म्हणाल्या. "भात खायचे दिवस गेले आता."

मला बाई भारी वाटलं. रोज दिवाळी! माहेरी पत्र लिहिलं तेव्हा हेच आधी लिहिलं.

तूप लावून

वर्षाच्या आत मी आडवी झाले. कसं सांगू? पोट फुगायचं, ढोलासारखं वाजायचं, आणि मग संडासाकडे धाव. क्वार्टरमध्ये एकच संडास, यांची सकाळची ड्यूटी, दाराबाहेर आत्याबाई खाकरत उभ्या. लाजेनं जीव जायचा. तोंड आलेलं, केस मूठमूठ गळताहेत, संध्याकाळी पाय सुजलेले. एकदा दिवस गेले, तेही राहिले नाहीत. तेव्हा मी रडलेसुद्धा नाही, तेवढं त्राण नव्हतं.

आणि हे काय करायचे? भोपाळकडच्या एका मित्राला सांगून चांगला शरबती गहू मागवायचे. रविवारी स्वतः कणीक मळायचे, त्या काळात, पुरुषमाणूस! तूप लावलेल्या पोळ्या माझ्यासमोर ठेवून बसायचे.

"खा, सुमन. एवढी तरी खा. माह्यासाठी."

मी खायचे. त्यांच्या तोंडाकडे पाहून खायचे आणि तासाभरात पोट धरून बसायचे. स्वतः बिचारे ड्यूटीवर शिळ्या पोळ्या घेऊन जायचे. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तरी मला राग येतो. अजून येतो.

दुर्गला एक मोठे डॉक्टर होते, नाव घेत नाही. त्यांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि यांना म्हणाले, "भात अजिबात देऊ नका. गव्हाचा दलिया द्या, हलका असतो." मला एक शब्द विचारला नाही. मी तिथंच बसले होते, जिवंत होते, मला तोंड होतं. पण सल्ला यांना, पथ्य यांना, औषधाची चिठ्ठी यांना. दलिया सुरू झाला आणि माझं उरलंसुरलं मांस गेलं.

घर पाहून येणारा रोग

धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, मी माहेरी जायची. आईला मदत म्हणून जायची, पण उठवत नसे, पहिले काही दिवस खाटेवरच. मग हळूहळू उठून बसायची, चालायची, रोवण्यालासुद्धा उतरायची. गाल भरायचे. माझा दादा म्हणायचा, "माहेरच्या हवेनं गुण आला." परत भिलाईला आले की महिना नाही झाला तर पुन्हा तेच.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळेस आत्याबाई शेजारणींसमोर बोलल्या.

"माहेरी बरी अन् सासरी बिमार. असा कोणता रोग असते वो, जो घर पाहून येते?"

बायका हसल्या. मी आत भांडी घासत होते, तळपायाची आग मस्तकात गेली. असा रोग असतो, आत्याबाई! फक्त तो घर पाहून येत नाही, ताट पाहून येतो. पण हे तेव्हा मलाच कुठं माहीत होतं? मलाही वाटायला लागलं, की खरंच मन लागत नाही म्हणून आपण आजारी पडतो की काय. माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागलं की आजारापेक्षा ते वाईट.

यांचे मामा आले, बैठक झाली. ठरलं की मला माहेरी पोचवायचं, "तब्येत सुधरेपर्यंत". या दोन शब्दांचा अर्थ आमच्याकडे लहान पोरीलाही कळतो. माझी एक आत्या अशीच आली होती तब्येत सुधरेपर्यंत. तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि ती भावाच्या घरी धान कांडत म्हातारी झाली. यांनी खाटेखालची माझी ट्रंक ओढली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती आत्या उभी राहिली.

नागपूर

दादा घ्यायला आला, पण मला पाहून तो घरी नेईना. सरळ गाडीत बसवून नागपूरला घेऊन गेला, तिथल्या एका दवाखान्यात भरती केलं. हेही सुट्टी काढून मागून आले.

वॉर्डात सकाळी ताप मोजायला पारा लावायचे, मग दूध आणि पाव. दुपारी पोळी. संध्याकाळी, सांगायलाच नको, दलिया. म्हणजे आगीतून फुफाट्यात! मोठे डॉक्टर मागे पोरांचा घोळका घेऊन यायचे, माझं पोट उघडं करून इंग्रजीत काहीतरी सांगायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. एक दिवस मी पदर ओढून घेतला तर नर्स ओरडली. लाजसुद्धा दवाखान्याच्या दारात काढून ठेवावी लागते.

मग एक डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. कागद बाजूला ठेवून खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "माहेरी बऱ्या होता म्हणे तुम्ही. माहेरी काय जेवता?"

मी रडायलाच लागले. एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं! जो मुद्दा माझ्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरला होता, तोच या बाईनं माझ्या बाजूनं धरला. मी सांगितलं, भात, पेज, तळ्याची मासोळी, भाजी. "आणि पोळी?" त्या म्हणाल्या. "पोळी कुठली, बाई. दिवाळीला."

त्याच दिवशी पाव गेला आणि भाताची पेज आली. हळूहळू पोट शांत झालं. रात्रभर झोप लागली तेव्हा मी घाबरून उठले, की मेले की काय. खाटेवर बसून केस विंचरू लागले. तर एक दिवस बाईंनी पुन्हा पोळी समोर ठेवली. खात्री करायची म्हणे! मी त्यांना नको ते बोलले. पण खाल्ली. पुढचं लिहीत नाही. खात्री झाली.

मग त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. गहू बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद.

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"जन्मभर."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी वेडी नव्हते, नाटकी नव्हते, मला एक रोग होता आणि त्याला नाव होतं. हे मात्र पडल्या चेहऱ्यानं बसले होते. हळूच म्हणाले, "डॉक्टरबाई, मंग हिले ताकद कशी येईल?"

बाई म्हणाल्या, "तुमच्या आईला भात खाऊन कशी आली होती?"

यांनी पथ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

रोजची एकादशी

घरी आले आणि खरी लढाई सुरू झाली, किराण्याची. रेशनवर गहू पाहिजे तेवढा, तांदूळ चिमूटभर. बाजारात चांगला तांदूळ महाग. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "घ्या! सगळ्यांसाठी पोळी अन् महाराणीसाठी बासमती. हिची रोजची एकादशी अन् दुप्पट खाशी!"

एकादशीवरून आठवलं. सेक्टरच्या बाजारातला किराणावाला यांना म्हणाला, बिमार माणसासाठी शिंगाड्याचं पीठ न्या, राजगिऱ्याचं न्या. यांनी महागाची पुडी आणली. मी थालीपीठ करून खाल्लं आणि पुन्हा आडवी. नीट पाहिलं तर शिंगाड्याचं पीठ इतकं पांढरं नि चिकट कसं? त्यात मैदा होता, दुसरं काय. विचारायला गेले तर म्हणतो, "बहनजी, सब ऐसा ही बेचते हैं।" निरोग्याला एकदा लुटतात, आजाऱ्याला दोनदा, आणि वर बहनजी म्हणतात.

तेव्हापासून मी विकतचं पीठ घरात आणलं नाही, आणि तुम्हीही आणू नका. गव्हावर चालणाऱ्या चक्कीवरही आपलं दळण देऊ नका, आधीच्या माणसाची कणीक आपल्या पिठात येते. डाळ-तांदूळ रात्री भिजवा, सकाळी पाट्यावर वाटा, धिरडी घाला. दळणाचे पैसे वाचतात आणि पोटही. हिंग घ्याल तर त्यातही पीठ मिसळतात, मी सोडूनच दिला. लसणानं काम भागतं.

तांदूळ महाग, हे अर्धंच खरं. अख्खा तांदूळ महाग. रिसाली तेव्हा निव्वळ खेडं, तिथं बाजार भरायचा. यांच्या सायकलमागे बसून मी गेले. तिथं छत्तीसगढी बायका टोपल्यांत कनकी घेऊन बसायच्या, कनकी म्हणजे तुटका तांदूळ. तोच दाणा, तोच स्वाद, फक्त तुकडे. साहेब लोक घेत नाहीत म्हणून स्वस्त. माझ्या पोटाला काय कळतंय, दाणा अख्खा होता की तुटका? कनकीची पेज, कनकीची धिरडी, कनकीचा उपमा. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची. ते त्या लोकांचं बासी आणि माझ्या आईचंही तेच. सोबत कधीमधी बाजारातला कोदो, तेही एक भरड धान्य. माझं जेवण घरातल्या सगळ्यांच्या जेवणापेक्षा स्वस्त पडू लागलं. टोपलीवाली मला पाहिली की लांबूनच विचारायची, "आज घलो कनकी लेबे का, बाई?" म्हणजे आजही कनकीच घेणार का.

पण शेजारी नाकं मुरडायचे. शेजारीण आत्याबाईंना म्हणाली, "फिटरसाहेबांच्या घरी मजुरांचं बासी?" बरं, हाच मजूर डोक्यावर घमेली वाहून तुमच्या कारखान्याची भट्टी उभी करून राहिला होता, बासी खाऊन! त्याला ताकद कुठून येत होती, हे कोणी विचारलं नाही.

घरातही कटकट होतीच. मी माझा तवा आणि परात वेगळी केली तेव्हा आत्याबाई भडकल्या. "मी काय बाटवून राहिली का तुले?" त्यांना मी किती सांगितलं. एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडलं.

मूठभर

हिवाळ्यात दादानं नागपूरकडची ज्वारी पाठवली, जुनं जातं शेजारच्या आजींकडून आणून मी दळली. पण भाकरी कोणाला येते? आम्ही धानाच्या मुलखातल्या बाया. थापली की तुटायची, उचलली की चार तुकडे. मी तुकडेच खायचे.

मग मला ताप आला, आणि आत्याबाई पहिल्यांदा माझ्यासाठी चुलीपाशी बसल्या. "तू पडून राय. मी करतो भाकर." काय सुंदर भाकरी झाली म्हणता! गोल, मऊ, कुठं भेग नाही. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी सासूच्या हातचं पोटाला मानवणारं मिळालं. ताप उतरला तरी त्या हौसेनं करत राहिल्या आणि मी कौतुकानं खात राहिले.

आणि मी पुन्हा पडले. पुन्हा तेच पोट, तेच पाय. या वेळेस मात्र मी खचले, कारण आता काय चुकत होतं तेच कळेना. पथ्य तर सगळं पाळत होते. शेजारणी म्हणू लागल्या, डॉक्टरणीचं खूळ होतं ते, गव्हानं का कोणी बिमार पडते?

एका संध्याकाळी भिंतीला धरून पाणी प्यायला उठले. आत्याबाई परातीपुढून उठल्या, कोठीचं झाकण काढलं आणि आत गव्हावर ठेवलेल्या डब्यातली मूठभर कणीक ज्वारीच्या पिठात टाकली.

"आत्याबाई! हे काय करून राहिल्या?"

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "तुटून राहिली होती भाकर. मुठभर कणीक टाकली का मस्त जमते. अन् तुले तेवढीच ताकद. मुठभर कणकेनं कोणी मरते का वो?"

मी जमिनीवर बसले. रोज! रोज मूठभर, मायेनं!

हे ड्यूटीवरून आले. मी बसलेली, आत्याबाई बडबडत असलेल्या. यांनी सगळं ऐकलं. वाकून खाटेखालची ट्रंक ओढली आणि म्हणाले, "सुमन, थोडे दिवस माहेरी जाऊन ये. तब्येत सुधरेपर्यंत."

बस्स, मग माझा तोल गेला. आजपर्यंत मी त्या घरात आवाज चढवला नव्हता.

"मी नाही जात!" मी ओरडले. "मी कावून जाऊ? मी खाल्लं का कोणाचं? तुमी चारलं ते खाल्लं मी, मरत मरत खाल्लं! आज या घरातून एक काहीतरी जाईल. मी, नाहीतर ती कोठी. अन् मी जात नाही."

"गहू काढते घरातून?" आत्याबाई किंचाळल्या. "लक्ष्मी आहे ते! लोक काय म्हणतील, फिटरच्या घरी पोळी नाही?"

हे ट्रंकेवर बसले. मला वाटलं, संपलं. मग उठले, दोन पोती आणली आणि वाकून कोठीतला गहू उपसू लागले. कोठीचं हळदीकुंकू लागलेला हात तसाच पोत्याला लागला. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या.

ताट

दुसऱ्या दिवशी यांनी पोती सायकलवर लादून रिसालीच्या बाजारात नेली आणि येताना आणला तांदूळ. सोबत पानात बांधलेली तळ्याची मासोळी. मला म्हणाले, "तुह्या आईसारखी कर."

मी भात टाकला. मासोळीचा रस्सा केला, लसूण आणि चिंच घालून. हे जेवायला बसले. भाताचा ढीग केला, मधे बोटांनी आळं केलं, त्यात रस्सा ओतला आणि खाली वाकून खाऊ लागले. वाकून, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर, गावातल्या पोरासारखे. पुन्हा भात मागितला. पुन्हा. लग्न झाल्यापासून या माणसाला मी असं जेवताना पाहिलंच नव्हतं.

वासानं आत्याबाई उठल्या. पाट ओढून बसल्या. मी वाढलं. त्या खाली मान घालून जेवल्या, ताट पुढं केलं, मी पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा ताट पुढं केलं तेव्हा त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"तुह्या सासऱ्याले असाच भात लागे," त्या म्हणाल्या. "किती वर्सं झाली."

वाचणाऱ्याला वाटेल माझं मन इथं विरघळलं. नाही विरघळलं. मी तर हातातला डाव पातेल्यात आपटला रागानं. म्हणजे यांनाही भातच पाहिजे होता! दोघांनाही! त्या जेवणाच्या सुट्टीतल्या एका हसण्यापायी हे सगळे इतकी वर्षं मन मारून पोळ्या गिळत होते, आणि त्यात माझा जीव चालला होता, एक लेकरू गेलं होतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आवडत होता तर बोलल्या कावून नाही?"

त्यांनी पुन्हा ताट पुढं केलं. मी वाढलं, उपाशी माणसाला नाही म्हणत नाहीत.

आता माझ्या अंगावर मांस आहे, मांडीवर मुलगी आहे. ती कोठी मी भंगारवाल्याला दिली. ट्रंक मात्र खाटेखालीच आहे, तिच्यात मी कनकी भरून ठेवते.